पासपोर्टकाकांनी निवडलेला चेअरमन

मुलुंड पूर्वेतील तमाम रहिवाशांस, तसेच आयुष्यात कधी ना कधी फॉर्म भरलेल्या सर्व नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, कॉकटील या पक्ष्याला दोन कान असतात. ते त्याच्या गालांवरच्या केशरी ठिपक्यांखाली दडलेले असतात. कोणत्याही फोटोत ही दोन्ही ठिकाणं स्पष्ट दिसली पाहिजेत. न दिसल्यास सदर पक्ष्याची ओळख पटणार नाही आणि त्याचा अर्ज फेटाळला जाईल.

हे निवेदन माझं नाही. एवढी अक्कल मला असती तर पुढचं सगळं घडलंच नसतं. हे मत पासपोर्टकाकांचं. त्यांचं खरं नाव गावडे, पण लोकांच्या लेखी हे नाव फक्त विजेच्या बिलावर होतं. स्टेशनकडून आमच्या सोसायटीकडे येताना दुसऱ्या गल्लीत, मास्टरांच्या शिलाईच्या दुकानाला चिकटून त्यांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, एक काचेचं काउंटर, एक पडदा आणि पडद्यामागे एक स्टूल. तिथे खिळ्याला एक निळा कोट टांगलेला असे. मुलुंड पूर्वेतल्या दोन पिढ्यांनी परदेशी जाण्यासाठी तोच कोट घातला. तो पाठीमागून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळलेला असे, त्यामुळे बारीक माणसालाही बसे आणि जाड्यालाही. समोरून साहेब, पाठीमागून वाळत घातलेलं धुणं.

कान हा काकांच्या आयुष्याचा विषय होता. समोर बसलेला माणूस डॉक्टर असो की नवरी, काका पडद्यामागून पहिलं वाक्य तेच बोलायचे, “कान दाखवा. सरकारला कान लागतात.” बायका केस मागे घ्यायच्या, म्हातारे टोपी काढायचे. हसायला मात्र काका कुणालाच सांगत नसत. कुणी आपणहून हसलं तर म्हणायचे, “हसू नका. काम होऊ दे, मग बाहेर जाऊन हसा.”

माझा दहावीच्या फॉर्मचा फोटो त्यांनीच काढला. दोरीला बांधलेल्या कंगव्याने माझा भांग त्यांनी स्वतः पाडला, आणि तो इतका सरळ पाडला की पुढे चार वर्षं मी तसाच भांग पाडत होतो. पहिल्या नोकरीच्या ओळखपत्राचा फोटो त्यांचा. लग्नासाठी द्यायचा फोटोही त्यांचाच. त्या फोटोसाठी मी हनुवटीखाली मूठ घेऊन, दूर क्षितिजाकडे बघत बसलो होतो. क्षितिजावर मास्टरांचा पंखा होता. काकांनी तसा एक काढला आणि मग म्हणाले, “झालं तुझं? आता हात खाली घे आणि माणसासारखा बस.” तो दुसरा, माणसासारखा फोटो त्यांनी परस्पर माझ्या आईच्या हातात दिला. माझी बायको मेधा आजही चारचौघांत सांगते, “फोटो साधा होता म्हणून मी हो म्हटलं. प्रत्यक्षात असा निघेल हे काय माहीत!”

काकांना गर्व नव्हता असं मी म्हणणार नाही. एकच होता, पण चांगला घसघशीत होता. चाळीस वर्षांत त्यांच्याकडून गेलेला एकही फोटो कुठल्याही कचेरीतून परत आला नव्हता. पासपोर्ट, रेशन कार्ड, शाळा, परीक्षा, व्हिसा, काहीही असो. एकदा आमच्याच बिल्डिंगमधल्या एका बाईंचा अर्ज परत आला. काकांनी भर दुपारी शटर ओढलं आणि त्या बाईंबरोबर थेट त्या कचेरीत गेले. संध्याकाळी परतले ते गल्लीच्या तोंडापासूनच मास्टरांना हाक मारत. “मास्टर! सही परत आली. फोटो नाय!” त्या दिवशी त्यांनी मास्टरांना कटिंग चहा पाजला. बाईंच्या अर्जाचं पुढे काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

आता चेअरमन. चेअरमन हा आमचा कॉकटील. आमची मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि जाताना पिंजरा, राळ्याच्या दाण्यांची पिशवी आणि सूचनांचे दोन कागद आमच्याकडे ठेवून गेली. पक्ष्याचं मूळ नाव काहीतरी इंग्रजी आणि गोड होतं. पण तो खुर्चीच्या पाठीवर बसतो, तुरा उभारून सगळ्यांकडे संशयाने बघतो आणि दुसरं कुणी बोलायला लागलं की कर्कश ओरडतो, म्हणून मी त्याचं नाव चेअरमन ठेवलं. आमच्या सोसायटीचे खरे चेअरमन तेव्हापासून लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

आमच्या भागातल्या एका पक्षिप्रेमी मंडळाने फोटोंची स्पर्धा जाहीर केली. पाळीव पक्ष्याचा जवळून काढलेला फोटो, विषय ‘स्वभाव’, प्रत्येकी एकच प्रवेशिका. झालं. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मला कळलं की मी मुळात कलावंत होतो, बँकेत उगाच गेलो. मोबाइलला चिमट्याने लावायचं एक भिंग मी मागवलं. पंधरा दिवस मी चेअरमनच्या मागे गुडघ्यांवर, पोटावर आणि एकदा डायनिंग टेबलाखाली फिरलो. “बाजूने बघ राजा. आता वर. आता जरा उदास हो,” असं मी बोलत असताना मेधाने शेजारच्या वहिनींना सांगितलं, “नाही हो, ताप वगैरे काही नाही.” पंधरा दिवसांत सहाशे फोटो झाले. त्यांतला एक निवडायचा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला.

तेव्हा काकांच्या स्टुडिओचा तो शेवटचा महिना होता. पासपोर्टचा फोटो आता पासपोर्टच्या कचेरीतच काढतात, बाकीचे लोक घरच्या भिंतीसमोर उभे राहून मोबाइलवर काढतात. निळा कोट आठवड्यातून एकदा उतरला तरी खूप. त्यांची मुलगी चारकोपला राहायची, ती केव्हापासून मागे लागली होती. काकांनी शेवटी हो म्हटलं. “सगळ्या मुलुंडला परदेशी पाठवलं,” ते म्हणाले, “आता मी चाललो चारकोपला. तेवढाच माझा परदेश.”

मी मोबाइल पुढे केला तर त्यांनी तो हातात घेतलाच नाही. “मोबाइलवर फोटो बघू नये. बोट फिरतं, डोळा फिरत नाय. छापूया.”

“सहाशे?”

“मग? सहाशे काढताना लाज नाय वाटली?”

काकांनी सहाशे फोटो छापले. कोणत्या आकारात, हे ज्यांनी ओळखलं ते काकांना ओळखतात. पासपोर्ट साइझ! पांढऱ्या कडेसह, कात्रीने एकेक कापून. मग चार संध्याकाळी काचेच्या काउंटरवर ते फोटो मांडून आम्ही दोघं बसलो. झेरॉक्स समजून आत आलेल्या एका बाईंनी काउंटरभर पसरलेला चेअरमन पाहिला आणि अदबीने विचारलं, “कुठे जाणारेत हे?”

“कॅनडा,” काका मान वर न करता म्हणाले.

काकांची निवडायची पद्धत अशी, की ते चांगला फोटो शोधत नसत. नको ते काढत जात. पहिली चळत हललेल्यांची. दुसरी कान नसलेल्यांची. कान कुठे असतात हे पहिल्या संध्याकाळी मीच त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं आणि लगेच पस्तावलो, कारण त्या माहितीने दीडशे फोटो गारद झाले. “अहो काका, हा कला म्हणून काढलाय, पासपोर्ट म्हणून नाही,” असं मी म्हणालो. “कला असेल,” ते म्हणाले, “पण हा कोण, ते कळूक नको?” काका घुश्शात आले की मालवणीत घसरायचे.

तिसरी चळत मला कळेना. तीत माझे खास फोटो जायला लागले. पडद्याच्या जाळीतून काढलेला, पाण्याच्या वाटीतल्या प्रतिबिंबाचा, एका पिसाचा इतका जवळून की ते गव्हाचं शेत वाटावं.

“ही चळत कसली?” मी विचारलं.

“तुझी.”

“माझी म्हणजे?”

“यात तू आहेस.”

मी चष्मा पुसून परत बघितलं. “कुठे?”

“सगळीकडे. पक्षी बिचारा कोपऱ्यात उभा आणि तू मधोमध नाचतोयस. बघा मी कसा वाकलो, बघा मी कुठून काढला. लोक पक्षी बघायला येणार की तुला?”

शेजारून मास्टर कापडाला खडूची रेघ मारता मारता ओरडले, “गावडे, त्याला बोलू नको रे, कलावंत आहे तो. मागच्या आठवड्यात पँट आल्टर करायला आला तेव्हा अर्धा तास आरशासमोर उभा होता.”

चौथ्या संध्याकाळी काउंटरवर तीन फोटो राहिले आणि काकांनी त्यांतले दोन बाजूला सरकवले. उरलेला फोटो मी कधी काढला हेही मला आठवत नव्हतं. बहुतेक भिंग नीट बसलंय का ते बघताना बोट लागलं असावं. चेअरमन समोर बघतोय, तुरा अर्धा वर, चोचीवर राळ्याचं एक टरफल चिकटलेलं. सकाळी बेल वाजली की आपण दार अर्धं उघडून, बाहेर कोण आहे आणि त्याला आत घ्यावं का, असं बघतो ना, तसा बघतोय. दोन्ही गाल केशरी, दोन्ही कान हजर.

“हा चेअरमन,” काका म्हणाले. “बाकी पाचशे नव्व्याण्णव त्याचे नातेवाईक.”

मी तोंडदेखलं “वा” म्हटलं. पण माझं मन कुठे होतं ते सांगतो. माझं मन तिसऱ्या चळतीत, अगदी वरच्या फोटोत होतं. संध्याकाळचं ऊन खिडकीच्या ग्रिलमधून आत आलंय, चेअरमनने पंख झटकलेत, तुरा पेटल्यासारखा दिसतोय. चोच फोटोच्या बाहेर गेली होती आणि डोळा पुसट होता हे खरं, पण त्यामुळे तर तो गूढ झाला होता! मी त्याला नावही दिलं होतं. ‘अग्निशिखा’. ऑफिसच्या ग्रुपवर टाकल्यावर चौदा जणांनी ज्वाळा पाठवल्या होत्या. बोरिवलीचा माझा मेव्हणा तर म्हणाला होता, “झकास यार! नंबर तुझाच.” काकांनी हाच फोटो बोटाने ठोकून सांगितलं होतं, “हा मात्र जपून ठेव. हा तुझा आजवरचा सगळ्यात चांगला पासपोर्ट फोटो आहे.”

तरी त्या क्षणी मला काकांबद्दल खरंच भरून आलं. मी तिथेच काउंटरवर फॉर्म भरायला घेतला. त्यात ‘छायाचित्राविषयी दोन ओळी’ असा रकाना होता. मी मोठ्या मनाने लिहिलं, ‘चाळीस वर्षांचा अनुभव असलेले आमचे गावडेकाका यांनी हे छायाचित्र सहाशे छायाचित्रांतून निवडले आहे.’ आणि त्यांना वाचून दाखवलं.

काका बराच वेळ काउंटरची काच पुसत राहिले. “माझं नाव कशाला त्यात?”

“असू द्या हो.”

“हे खाली छापणार? फोटोच्या खाली, भिंतीवर?”

“हो तर.”

“आजवर माझं नाव फोटोच्या मागेच. रबरी शिक्का. उलटून बघितला तर दिसणार, आणि उलटून कोण बघतो?” काउंटरवरचा फॉर्म त्यांनी स्वतःकडे ओढला. मग हळूच म्हणाले, “श्री. राहिलंय बघ. गावडेच्या आधी.”

मी ‘श्री.’ घातलं. काकांनी पडद्यामागे जाऊन चेअरमनचा मोठा फोटो स्वतः छापला आणि पुठ्ठ्यावर चिकटवून दिला. त्यांच्या हातून त्या दुकानात छापलेला तो शेवटचा मोठा फोटो.

यानंतर मी जे केलं ते कुठल्याही समजूतदार माणसाने वाचू नये. मी घाटकोपरच्या एका दुकानात जाऊन ‘अग्निशिखा’ही मोठी छापून आणली. उगाच, आपली असावी म्हणून. शेवटच्या दिवशी मंडळाच्या टेबलासमोर उभा राहिलो तेव्हा दोन्ही पुठ्ठे एकाच पिशवीत होते. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, “एकच हं.” माझा हात पिशवीत गेला आणि ‘अग्निशिखा’ घेऊन बाहेर आला. मी हाताला दोष देत नाही. तो लहानपणापासून माझंच ऐकत आलाय. फॉर्म आधीच भरलेला होता, तो मी तसाच वर ठेवला.

परतताना काकांनी दुकानातूनच हाक मारली. “दिलास?”

“दिला.”

“तोच ना?”

“अहो, फोटो दिला, पावती घेतली, सगळं झालं!” मी म्हणालो. खोटं न बोलता खोटं बोलण्याचं हे कसब मला बँकेने दिलंय.

मनात माझा हिशोब असा होता, की ‘अग्निशिखा’ला पहिला नंबर मिळेल आणि मग काका स्वतःच म्हणतील, अरे, तुझंच बरोबर होतं. नंतर मी त्यांना उदारपणे माफ करीन. या माफीचं छोटं भाषणही मी आंघोळ करताना तयार केलं होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी मंडळाचं निमंत्रण मोबाइलवर आलं. त्यात एक ओळ होती, ‘प्रत्येक छायाचित्राखाली स्पर्धकाने लिहिलेल्या दोन ओळी वाचायला विसरू नका.’ मी चहाचा कप खाली ठेवला. दोन ओळी! फोटो मी बदलला होता, ओळी नाही. ‘अग्निशिखा’च्या खाली, पांढऱ्यावर काळं, छापलं गेलं होतं की ही निवड श्री. गावडेकाकांची आहे. ‘श्री.’सकट.

मेधाला सांगितलं. तिने आधी शीळ घालणाऱ्या चेअरमनच्या पिंजऱ्यावर कापड टाकलं. मग ती म्हणाली, “त्या माणसाने चाळीस वर्षांत एक फोटो परत येऊ दिला नाही रे. आणि त्याच्या नावावर तू हे टांगलंस?”

मी धावत दुकानात गेलो. दुकान जवळजवळ रिकामं झालं होतं, काका कोट घडी करून पिशवीत भरत होते.

“काका, उद्या येताय? नका येऊ. हॉलमध्ये फार उकडतं. पंखे बंद आहेत म्हणे.”

“चाळीस वर्षं पडद्यामागे काढलीत मी, दिव्यांच्या उजेडात. माका उकाडा सांगतोस?”

“गर्दीही असेल. मी तुम्हाला मोबाइलवर फोटो पाठवतो ना.”

“मोबाइलवर?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मोबाइल खिशात घातला. मग ते म्हणाले, “मास्टर येणारेत सोबत. मुलगीपण चारकोपवरून येतेय. मी तिला सांगितलंय, बापाचं नाव भिंतीवर लागलंय, बघून जा.” आणि त्यांनी मला कोटाची पिशवी धरायला दिली, कारण त्यांना शर्टाला इस्त्री करायला मास्टरांकडे जायचं होतं. सांगायची वेळ हीच होती. मी पिशवी धरून उभा राहिलो, आणि ते परत आल्यावर पिशवी त्यांना दिली. एवढंच मी केलं.

आज काका चारकोपला असतात. मी महिन्यातून एकदा जातो. त्यांच्या मुलीच्या हॉलमध्ये खिळ्याला तो निळा कोट आहे, चिमटे काढून टाकलेत. अधूनमधून मी काढलेले फोटो छापून नेतो, पासपोर्ट साइझमध्ये. ते टीपॉयवर मांडतात आणि बोटाने एकेक माझ्याकडे सरकवत जातात. “तू. तू. हा पण तू.” दहा-बारांतून एखादा त्यांच्या बाजूला राहिला की मला बढती मिळाल्यासारखं वाटतं. फोटोच कशाला, हल्ली ऑफिसात साधं पत्र लिहिलं तरी मी ते परत वाचतो आणि कुठे मी मधोमध नाचतोय का ते बघतो. बहुतेक वेळा नाचत असतो. पण काकांबद्दल एवढं सगळं सांगून त्या प्रदर्शनाच्या रविवाराला बगल देणं बरं दिसणार नाही, म्हणून आता तोही सांगून टाकतो.

रविवारी सकाळी सर्वांच्या आधी मी शाळेच्या हॉलवर पोचलो. पिशवीत काकांनी निवडलेला चेअरमन होता, आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीचं एक रीळ. बेत साधा होता. ‘अग्निशिखा’वर चेअरमन चिकटवायचा आणि नामानिराळं व्हायचं. मी भिंतीजवळ जाऊन पट्टीचे चार तुकडे तोडून पुठ्ठ्याच्या मागे लावलेही. तेवढ्यात मंडळाच्या एक साठीच्या कार्यकर्त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“काय चाललंय?”

“काही नाही. माझाच फोटो आहे हा.”

“मग लांबून बघा. जवळून तुम्ही काढलाय ना एकदा?” असं म्हणून त्यांनी तिथेच खुर्ची टाकली आणि विणकाम काढलं. पुठ्ठा मी पिशवीत सारला. तो आत शिरताच पिशवीला चिकटून बसला.

दहाला काका आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाजूला मास्टर, मागे मुलगी. ते भिंतीकडे निघाले तसा मी आडवा गेलो. “आधी बसून घ्या, काका, पुढच्या रांगा भरतायत.” त्यांना मी पहिल्या रांगेत अगदी कडेला बसवलं. तिथून आमचा फोटो दिसत नव्हता. मी स्वतः दोन रांगा मागे बसलो. या हुशारीबद्दल मी स्वतःची पाठ थोपटतो आहे तोच परीक्षक बाई उठल्या. तरुण, केस बारीक कापलेले, आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, “नंबर नंतर सांगते. आधी आपण सगळे मिळून थोडं शिकूया.” आणि त्यांच्या खुणेसरशी दोन कार्यकर्त्यांनी भिंतीवरून एक फोटो उतरवला आणि आणून स्टेजवर, ऐन मध्यावर, टेबलावर उभा केला.

‘अग्निशिखा’. आख्ख्या हॉलला दिसेल अशी.

“हा फोटो मुद्दाम घेतलाय,” बाई माइकवर म्हणाल्या. “छान लक्षात राहील. चोच नाही. डोळा हललाय. पक्षी आहे हे मला फॉर्म वाचल्यावर कळलं, आधी मला वाटलं होळी आहे.” हॉल हसला. मीही हसलो, कारण न हसणारा एकटा दिसला असता. “पण खाली काय लिहिलंय बघा. चाळीस वर्षांचा अनुभव असलेले श्री. गावडेकाका यांनी हे छायाचित्र सहाशे छायाचित्रांतून निवडले आहे.” त्या थांबल्या. “अरे बापरे. मग बाकीचे पाचशे नव्व्याण्णव कसे असतील!”

आता हॉल गडगडाटी हसला. मागून कुणी टाळ्याही वाजवल्या. मास्टर मात्र हसले नाहीत. ते काकांच्या कानाशी वाकून, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, “गावडे, हा कुठला? तू मला दाखवलास तो दाण्याचा होता ना?”

काका स्टेजकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पंखे चालू होते. मी परत खाली बघितलं तरी ते माझ्याकडेच बघत होते. रागाने नाही. पडद्यामागून, समोरचा माणूस हलायचा थांबेपर्यंत ते जसे वाट बघायचे, तसे. मग त्यांनी मास्टरांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुटपुटले, “गप रव.”

“गावडेकाका आलेत का हॉलमध्ये?” बाईंनी विचारलं. “असतील तर आवडेल भेटायला.”

पहिल्या रांगेच्या टोकाला कडक इस्त्रीची एक पांढरी बाही हळूहळू वर गेली. काका उठून उभे राहिले.  तो म्हातारा माणूस इथे समोरच बसला असेल असं बाईंना वाटलं नसावं. त्यांनी माइक खाली घेतला. “काका, सॉरी हं, मी गमतीत बोलले. पण हा तुम्ही निवडलात?”

“हो,” काका म्हणाले. “मीच.”

“का पण?”

काकांनी मुलीकडे बघितलं नाही, मास्टरांकडे बघितलं नाही. शर्टाची कॉलर नीट केली. “चुकलं. नजर कमी झाली आता माझी. त्या मुलाचा दोष नाय, त्याने बरेच चांगले काढले होते.”

त्या मुलाचा! चौपन्न वर्षांचा, बँकेतला, टक्कल पडलेला तो मुलगा तिसऱ्या रांगेत पिशवी पोटाशी धरून बसला होता. त्याने आंघोळ करताना भाषण तयार केलं होतं, पण त्यातला एक शब्द त्याला आठवेना. तो कधी उभा राहिला तेही त्याला कळलं नाही. पण आवाज निघाला, आणि तो असा निघाला की माइकवाल्या बाईसुद्धा एक पाऊल मागे सरल्या.

“खोटं बोलतायत ते! काकांनी निवडलेला फोटो माझ्या पिशवीत आहे, चिकटपट्टीसकट!”